उंदराच्या लेंड्या आणि आपला कंपवात

लेंडीमोजणी: कालच्या ‘पोट साफ ठेवा, कंपवात (पार्किन्सन) टाळा’ पोस्टवर गप्प बसणार होते, पण त्यातलं ‘उंदरांवर सिद्ध झालंय’ वाचून राहवेना. पाच वर्षं प्रयोगशाळेत हेच केलंय मी, उंदराचं आतडं किती वेगाने चालतं ते मोजायचं. उंदीर रिकाम्या पिंजऱ्यात सोडायचा, तासाभरात पडलेली एकेक लेंडी चिमट्याने उचलून नळीत टाकायची, वजन करायचं, वाळवून पुन्हा वजन. नाहीतर ३ मिमीचा काचमणी गुदद्वारातून आत सरकवायचा आणि तो बाहेर पडेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. नवख्या हातात उंदीर घाबरून भराभरा टाकतो. तो आकडा आजाराचा नसतो, माझ्या हाताचा असतो. शिवाय रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, मेंदूत ६-हायड्रॉक्सीडोपामिन (कंपवातासारखी अवस्था आणणारं विष) टोचलं तरी आतडं मंदावतं. तिथे तर सुरुवात आपणच मेंदूत केलेली असते!

निसर्गमित्र५७: २०१९चा जॉन्स हॉपकिन्सचा प्रयोग सोयीने विसरलात. उंदरांच्या जठराच्या आणि लहान आतड्याच्या भिंतीत अल्फा-सिन्यूक्लिनचे (कंपवातात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे) तंतू टोचले, तर रोग मेंदूपर्यंत चढला. पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस नस कापल्यावर नाही चढला. अजून काय हवं?

लेंडीमोजणी: टोचलं, म्हणून चढलं. रोज पोट साफ झाल्याने काही टळलं, असं त्यात कुठे आहे, दाखवा. आणि २००७ साली एमपीटीपी (हेही कंपवात आणणारं विषच) दिलेल्या उंदरांचं मोठं आतडं उलट जोरात चाललं होतं. मग जुलाबही कंपवातच का?

निसर्गमित्र५७: होनोलुलूच्या पाहणीतले ६,७९० पुरुषही खोटेच असतील मग.

लेंडीमोजणी: नाहीत. दिवसाला एकदाही शौचाला न होणाऱ्यांना पुढे कंपवाताचा धोका २.७ पट निघाला, मान्य. घ्या, मिळाला तुम्हाला अर्धा गुण. पण ती आजाराची आधीची खूण असू शकते, कारणच असेल असं नाही.

वऱ्हाडी सून: तुमचे उंदीर राहू द्या. मामंजींना कंपवात होऊन नऊ वर्षं झाली. रात्री इसबगोल, दर रविवारी एरंडेल. तरी दुपारी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी खरडली, गोळी कधी द्यायची ते विचारायलाही वेळ दिला नाही.

बंड्या: एरंडेल? अजून? आमच्या आजोबांना त्यानेच अंथरूण धरायला लावलं!

वऱ्हाडी सून: तुमच्या आजोबांचं तुम्ही बघा. आमच्याकडे चार पिढ्या घेतात.

लेंडीमोजणी: भांडू नका. ताई, दुपारची गोळी कशाबरोबर देता?

वऱ्हाडी सून: वरणभात झाल्या झाल्या. रिकाम्या पोटी मळमळतं त्यांना.

लेंडीमोजणी: तिथेच घोळ असेल. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची ही गोळी, शोषली जाते लहान आतड्यात. जठर रिकामं व्हायला उशीर झाला तर गोळी वरच अडकून राहते. त्यात वरणातली प्रथिनं तिच्याच वाटेने आत शिरतात, मग रेटारेटी. जेवणाआधी अर्धा तास देऊन चालेल का, मळमळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचाराच, दार अडवून विचारा.

निसर्गमित्र५७: म्हणजे शेवटी पोटाचाच प्रश्न!

लेंडीमोजणी: गोळीचा, काका. आजार कुठून सुरू होतो त्याचा नाही.

वऱ्हाडी सून: विचारते सोमवारी. पण इसबगोल बंद करणार नाही, आधीच सांगते.

लेंडीमोजणी: बंद करा म्हटलंय कोणी? त्याच्याबरोबर पाणी किती देता ते सांगा.

वऱ्हाडी सून: अर्धी वाटी.

बंड्या: अर्धी वाटी!!