लेनाचा दुसरा अल्बम: थोडी दुसरी बाजू

जर्मन गायिका लेना मायर-लांडरूटचा 'गुड न्यूज' हा अल्बम केवळ युरोव्हिजनच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या, यशावर घाईत काढला, असं काही जण म्हणतात. घाई झाली हे खरंच. २०१० मध्ये ओस्लोला ती 'सॅटेलाइट' गाऊन जिंकली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये हा अल्बम बाजारात आला. पण तो तयार कसा झाला तेही बघायला हवं. २०११ च्या स्पर्धेतही जर्मनीकडून तीच गाणार हे आधीच ठरलं होतं, निवडायचं होतं ते फक्त गाणं. त्यासाठी तिने टीव्हीवर बारा गाणी सादर केली आणि प्रेक्षकांनी मतं दिली. तीच बारा गाणी म्हणजे हा अल्बम! त्यामुळे तो थोडा विस्कळीत वाटतो, हे मान्य.

पण लोकांनी निवडलं ते 'टेकन बाय अ स्ट्रेंजर'. थंड, गूढ, इलेक्ट्रॉनिक ठेक्याचं. 'सॅटेलाइट'च्या खेळकरपणाची नक्कल त्यात कुठेच नाही. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला, घरच्याच मैदानावर, स्पर्धेत ते दहावं आलं. मला मात्र तिचा आवाज या गाण्यातच जास्त शोभतो. हेडफोन लावून एकदा ऐकाच.