‘एल्फिन्स्टनचे मास्तर’

बोरूबहाद्दर: एका स्कॉटिश घराण्यावरचा मजकूर मराठीत आणतोय. चौथ्या जेम्स राजाने 1510 मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केलं. 1513 साली फ्लॉडनच्या लढाईत दोघंही पडले, लॉर्डकी मात्र अजून चालू. ‘हेरेडिटरी टायटल’ला मी ‘आनुवंशिक पदवी’ लिहिलं. संपादकबाई म्हणाल्या, आनुवंशिक मधुमेह असतो. शिवाय तिथे थोरल्या वारसाला ‘मास्टर ऑफ एल्फिन्स्टन’ म्हणतात. त्याला काय लिहू? मास्तर?

सुपारी: वंशपरंपरागत किताब. पदवी बी.ए.ची.

जुना_वाडा: एवढा लांबलचक कशाला? ‘मिराशी’ म्हणा. याच घराण्यातल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननेच पेशव्यांच्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात मिरासदारांबद्दल, म्हणजे पिढीजात जमीनधारकांबद्दल लिहिलंय.

शुद्धमती: मिरास अरबी. आपल्याकडे ‘कुलागत’ आहे की.

जुना_वाडा: मग ‘वारस’ही टाका, धातू तोच. किताबही अरबीच.

सुपारी: आमचे आजोबा सांगायचे, सनद पुस्तकासारखी बांधून द्यायचे म्हणून किताब.

जुना_वाडा: आजोबांना नमस्कार, पण तो ‘खिताब’. पुस्तकाशी संबंध नाही.

ढब्बू_मिरची: मिरास जमिनीची असते हो. लॉर्डकीला जमीन लागत नाही. स्कॉटलंडात ‘बॅरन’ हा प्रकार वेगळा, तो जमिनीला चिकटलेला. 2004 मध्ये कायद्याने सुटा केला. आपल्याकडे 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, आडनाव राहिलं, तसंच थोडंफार.

बोरूबहाद्दर: अहो, पण याच घराण्यातल्या तेराव्या लॉर्डला 1859 मध्ये बॅरनही केलं होतं!

ढब्बू_मिरची: ती ब्रिटनची बॅरनकी, जमिनीची नव्हे. 1860 मध्ये तो अविवाहित वारला, तेव्हा ती संपली. 1510 ची लॉर्डकी चुलतभावाकडे गेली. एकाच माणसाचे दोन किताब, दोघांच्या वाटा वेगळ्या. म्हणून ‘आनुवंशिक’ चूकच. रक्त एकच होतं ना?

सुपारी: तो लॉर्ड म्हणजे कॉलेजवाला?

ढब्बू_मिरची: नाही! कॉलेज माउंटस्टुअर्टचं. तो अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, स्वतः कधीच लॉर्ड नव्हता. मराठीत सर्रास त्याला लॉर्ड लिहितात. तेरावा लॉर्ड म्हणजे त्याचा पुतण्या जॉन, जो 1853 ते 60 मुंबईचा गव्हर्नर होता. एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्याचं.

शुद्धमती: स्टेशन 2018 पासून प्रभादेवी आहे.

सुपारी: आम्ही ‘एल्फिस्टन’च म्हणतो. तो मधला ‘न्’ कुणी उच्चारलाय आजवर?

बोरूबहाद्दर: मास्टरचं सांगा कुणीतरी. उद्या द्यायचंय.

जुना_वाडा: मी उच्चारतो. परळच्या बाजूने उतरणारे उच्चारायचे.