प्रति: फॉस्फो-ईजीएफआरचा बँड येत नाही

तुझ्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) टोटल ईजीएफआर (ईजीएफ हा वाढीचा संदेश पकडणारं सेलवरचं प्रोटीन) झकास दिसतोय आणि फॉस्फो टायरोसिन १०६८ चा, म्हणजे त्या जागी फॉस्फेट लागलेल्या ईजीएफआरचा, बँड गायब, म्हणून वर सगळे अँटीबॉडी बदल म्हणतायत, पण मला नाही वाटत दोष तिचा आहे. सेल्स फोडल्या फोडल्या त्यांच्यातली फॉस्फटेज एन्झाइम्स ते फॉस्फेट काढून टाकतात. त्यांना रोखायला ऑर्थोव्हॅनेडेट घातलंय म्हणालास, पण अ‍ॅक्टिव्हेट केलंय का? त्याच्या द्रावणाचा पीएच १० ला आणून उकळायचं, पिवळेपणा पार जाईपर्यंत, गार झालं की पीएच परत बघायचा, पिवळं राहिलं की परत उकळ.

आणि आपल्या नाशकात एप्रिलच्या दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये बर्फाचं बघता बघता पाणी होतं, तेव्हा लायसिस (सेल्स फोडणं) सकाळीच उरक, पीबीएस (सेल्स धुवायचं खारं द्रावण), बफर, स्क्रेपर सगळं आधीच गार करून ठेव. ब्लॉकिंगला (मेंब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, बॅकग्राउंड वाढू शकतं, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे.

मुख्य म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड येणारच असा नमुना, कुठाय? ए४३१ सेल्स (भरपूर ईजीएफआर असलेल्या कर्करोगाच्या सेल्स) रात्रभर सीरमशिवाय ठेव, मग १०० नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफ ५ मिनिटं दे, १७५ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास ठसठशीत बँड यायलाच हवा. तिथेही नाही आला तर मग नवी अँटीबॉडी मागव, उगाच आत्ताच प्रोजेक्टचे पैसे घालू नकोस.