विषय: सी विंगमधलं दुपारचं भुंकणं

माने काका (बी-१०२): सी-४०३ चं कुत्रं आजपण १ पासून भुंकतंय. आज चौथा दिवस. दुपारची झोप गेली ती गेलीच, आता आमच्या हिचं डोकं धरलंय. सेक्रेटरी साहेबांनी लक्ष घालावं.

संग्राम (बी-३०३): काका, राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाच्या वर गेलंय. इशारा पातळी ओलांडली आणि तुम्हाला झोपेचं पडलंय व्हय 😄

माने काका: पाण्याचं पूर ग्रुपवर टाक. इथं कामाचं बोल.

सेक्रेटरी: नमस्कार. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना बघितल्या. भुंकतो या कारणावरून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याला शांत ठेवायचा प्रयत्न मालकांनी करायचाय, असंही त्यातच आहे. दोन्ही बाजूंनी समजून घ्या.

स्नेहा (सी-४०३): काका, मनापासून सॉरी. आम्ही दोघं ऑफिसला. पाऊस लागल्यापासून बंड्याचं फिरणं पाच मिनिटांवर आलंय, खाली जाऊन शी-शू आणि लगेच वर. आवाज करणारी खेळणी आणली, तर एक दिवस खेळला आणि परवा सोफ्याचा कोपरा फाडला. रागावले तर कोपऱ्यात जाऊन बसतो. काय करू तेच कळेना.

ऋतुजा (ए-२०४): स्नेहा, तुम्ही बाहेर पडल्या पडल्या सुरू होतो की नंतर? जुना मोबाइल लावून ठेव रेकॉर्डिंगला. दार बंद झाल्याबरोबर लाळ गाळणं, धापा टाकणं, दार ओरबाडणं, समोरचं खाणं न शिवणं असं असेल तर ती एकटं राहायची भीती असते. मग डॉक्टरांना दाखवावं लागतं, खेळण्यांनी भागत नाही.

(दुसऱ्या दिवशी)

स्नेहा: बघितलं रेकॉर्डिंग. आम्ही गेल्यावर दीड-दोन तास चक्क घोरतो. मग उठून खिडकीत बसतो. खालून कुणी काळी छत्री घेऊन गेलं की सुरू. ती छत्री परत परत येते, हा परत परत भुंकतो. मधल्या वेळात सोफा.

ऋतुजा: मग भीती नाही, कंटाळाय. दिवसभर करायला काय नाही त्याला. आमची कुत्री मनी रंकाळ्यावरनं आणली तेव्हा हेच. चपला, पायपुसणं, एकदा तर गॅसचं पुस्तक. मी तिची वाटीच बंद केली. आता सकाळचं जेवण ती शोधून खाते. जुना टॉवेल घे, त्यात भाकरीचे तुकडे किंवा त्याचं कोरडं खाणं पसर, गुंडाळी कर, एक सैल गाठ मार. पहिल्या दिवशी गाठ नको, नाहीतर चिडून सोडून देतो. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत दाणे टाकून वर कागदाचे बोळे. पहिल्यांदा समोर बसून बघ, पुठ्ठा गिळतो का ते. गिळत असेल तर ट्रे बंद, टॉवेलच बरा. स्टीलच्या वाटीत बिनसाखरेचं दही फ्रीजरला लावून निघताना दे, अर्धा तास चाटत बसतो. आणि खिडकीच्या खालच्या काचेला कागद लाव. छत्रीच दिसली नाही तर भुंकणार कुणावर?

संग्राम: टॉवेलला तांबडा रस्सा लावला तर? 😋

ऋतुजा: नाद करू नको. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, रस्सा त्याच्यावरच उभा असतो. शिजलेलं हाडूक पण नको, त्याची किरचं होतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट काहीच नाही.

कुलकर्णी मॅडम (ए-३०१): मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं म्हणून दोन शब्द. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठेक लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. आपण त्याला फिरायला नेतो आणि दर खांबाशी ‘चल चल’ करून ओढतो. म्हणजे पेपर हातात द्यायचा आणि वाचू द्यायचा नाही. २०१९ साली शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे वासानं खाऊ शोधायचा सराव, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी चालायचा. नंतर खाऊ आहे की नाही हे सांगता येणार नाही अशा जागी वाटी ठेवली, तर वासवाली कुत्री आधीपेक्षा लवकर तिच्याकडे गेली. मिळेल असं त्यांना वाटायला लागलं होतं. तेव्हा पाच मिनिटं तर पाच मिनिटं, पण ती त्याच्या नाकाची असू देत. आणि स्नेहा, शोधायला टाकतेस ते रोजच्या जेवणातूनच काढ हं, वरचं नको. लॅब्रॅडॉरमध्ये चारातल्या जवळपास एकात असा जनुकीय बदल असतो की खाऊन झालं तरी भूक आवरत नाही. बंड्याचं पोट बघता तो त्यातलाच दिसतो.

स्नेहा: 🙈 वजन करायला भीती वाटते मॅडम.

पाटील आबा (सी-१०१): आमच्या गावाकडं धनगराचं कुत्रं दिवसभर मेंढरामागं असायचं. रात्री राखण. त्याला कंटाळा म्हणून काय असतो ठावं नव्हतं. तुमचं लॅब्रॅडॉर पण कामाचंच कुत्रं हाय, नातू सांगत होता, तिकडं थंड मुलखात कोळ्यांची जाळी वढायचं. त्याला फरशीवर बशिवलंय. पोरी, सांजच्याला त्याला माझ्याकडं सोड. पार्किंगात चेंडू दडवून ठेवतो, हुडकू दे.

स्नेहा: आबा, खरंच? तो ओढतो फार.

आबा: मी बैलं धरल्याती.

ऋतुजा: आबा, पार्किंगमधल्या साचलेल्या पाण्याला तोंड लावू देऊ नका. उंदरांच्या लघवीतनं लेप्टो होतो. स्नेहा, त्याची लस झालीय ना बघ.

(पाच दिवसांनी)

माने काका: नोंद असावी म्हणून लिहितो. सोमवारी तासभर. मंगळवारी अर्धा तास. काल अजिबात नाही. आज १ वाजता दोनदा, तेही कुरियरवाल्यावर.

संग्राम: काकांनी वहीच घातली 🙏

माने काका: वही नाही, कॅलेंडर आहे. अंड्याचे ट्रे आमच्याकडं आठ आहेत, हिने टाकू दिले नव्हते. वॉचमनकडं ठेवलेत. आणि एक सांगायचं राहिलं. झोप लागेना म्हणून मी रोज १ ते ३ पार्किंगला चकरा मारत होतो. पावसात. काळी छत्री माझीच.

सेक्रेटरी: 😂

स्नेहा: काका!! संध्याकाळी वर या चहाला. छत्री घेऊन या, त्याची ओळख करून देऊ.

माने काका: उघडी आणू का मिटलेली?

ऋतुजा: मिटलेली. दारात खाली ठेवा आणि लांब उभं राहा, आधी त्याला वास घेऊ दे. मी पण येतो.