रिकीब बदलली तर गुडघा नि घोटा दुखायचा थांबतो का? (सातारा)

माहुलीचा_हौशी

नमस्कार मंडळी, वय ४६, वजन ८४, नोकरी बसून. दोन वर्षं झाली घोड्यावर बसायला लागून, रोज नाही, शनिवार-रविवार. घोडी मित्राची, मारवाडी क्रॉस, अंगानं रुंद, संगम माहुलीच्या बाजूला त्याचं शेत आहे तिथं असते. नदीकडच्या गाडीवाटेनं तास-दीड तास फिरवतो, जास्त करून चालत, मधेमधे दुडकी.

पहिली वीस मिनिटं एकदम झकास जातात, नंतर डावा गुडघा बाहेरच्या अंगानं चमकायला लागतो आणि डावा घोटा आवळून धरल्यासारखा होतो, उतरल्यावर तर असा ठणका लागतो की दोन मिनिटं घोडीच्या मानेला धरून उभा राहतो, बघणाऱ्यांना वाटतं काय माया आहे जनावरावर.

खोगीर सेकंडहँड आहे, कानपूरचं, इंग्लिश पद्धतीचं, त्याच्या साध्या लोखंडी रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या). ऑनलाइन बघितलं तर डोकं फिरलं, बाजूला बिजागरीसारख्या हलणाऱ्या, रुंद तळाच्या, वरचा डोळा (पट्टा ओवायचं भोक) वळवलेल्या, अॅल्युमिनियमच्या, आणि किंमत दोन हजारापासून पंधरा हजारापर्यंत. नक्की कशानं फरक पडतो? बायको म्हणते घोडं सोडा, गुडघा आपोआप राहील. तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

टेबललँडवाला

दादा आधी पैसं खिशात ठेवा. आमची तिसरी पिढी हाय पाचगणीत घोड्यामागं, एक सांगतो, दोन्ही गुडघं दुखत असतं तर रिकिबीवर संशय घेतला असता, तुमचा एकटा डावा दुखतोय. आपण चढतो कुठनं? डावीकडनं. तुमचं ८४ किलो दर खेपेला डाव्या वादीवर, म्हंजी रिकीब लटकते त्या पट्ट्यावर, लोंबकाळतंय, कातडं ते, ताणतंच. दोन वर्षं तुमची नि त्याआधी ज्याचं खोगीर होतं त्याची किती कुणाला ठाऊक. भोकं मोजून बरोबर दिसत्यात पण वादी लांब झालेली असती. दोन्ही वाद्या खोगिरावरनं काढा, एका खिळ्याला शेजारी-शेजारी लटकवा नि बगा.

आन चढताना कट्टा वापरा, लाजू नका. जमिनीवरनं चढताना डावा गुडघा पिळवटतो, खोगीर एका अंगाला ओढलं जातं ते घोडीच्या पाठीला बी चांगलं नाय. आमच्याकडं पर्यटक दोन जण खांद्याला धरून चढवतो ते काय उगाच नाय.

फिजिओताई

मी सांगलीत फिजिओ आहे, स्वतः घोड्यावर बसत नाही पण दोन-तीन बसणारे पेशंट आहेत, त्यांच्यामुळे शिकले थोडं. काका, रिकीब आखूड असेल तर गुडघा जास्त दुमडून राहतो आणि वाटीच्या मागे दाब येतो, दुखणं सहसा पुढच्या बाजूला. लांब असेल तर माणूस बोटांनी रिकीब शोधत बसतो, चवडा खाली, टाच वर, आणि घोटा पूर्ण वेळ ताणात. तुमची वादी खरंच लांब निघाली तर घोट्याचं कोडं तिथंच बऱ्यापैकी सुटेल.

दुसरं म्हणजे "टाच खाली, टाच खाली" हे सगळे शिकवतात, पण टाच दाबायची नसते, वजन खाली उतरू द्यायचं असतं. पोटरी आखडलेली असली की टाच जात नाही मग माणूस जोर लावतो. ऑफिसमध्ये आठ तास खुर्चीत म्हणजे पोटरी आखडलेली असणारच. जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून, कठडा धरून, टाच हळू खाली सोडायची, तीस सेकंद, दोन-तीन वेळा, रोज. दुखेल एवढं नाही.

आणि गुडघा सुजत असेल, अडकत असेल, किंवा घोड्यावर न बसता जिना उतरतानाही कळ येत असेल तर इथं विचारत बसू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

मिरजकर_७२

मी पैसे घालवून शिकलोय म्हणून लिहितो. आधी बिजागरीवाल्या घेतल्या, सगळे म्हणत होते धक्का शोषतात. शोषतात, खोटं नाही, दुडकीत घोट्याला बरं वाटलं, पण माझा घोटा मुळात ढिला, कॉलेजात क्रिकेट खेळताना दोनदा मुरगळलेला, त्यामुळे तळ हलला की पायही डगमगायचा आणि तो सावरायला गुडघा काम करायचा. सहा महिन्यांत विकल्या. घोटा कडक असणाऱ्याला त्या बऱ्या, ढिला असणाऱ्यानं आधी कुणाकडून तरी मागून घेऊन वापरून बघाव्यात.

मला खरा फरक पडला तो डोळा वळवलेल्या रिकिबीनं. साधी रिकीब लटकते ती घोड्याच्या पोटाला समांतर, कारण वादी चपटी आणि डोळा त्याच दिशेला. पाय घालायचा तर रिकीब पाव वळसा फिरवावी लागते. म्हणजे वादीला पीळ बसला, आणि ती सगळा वेळ सुटायला बघते, तुमचा पाय तिला अडवून धरतो. तो पीळ घोट्यातनं गुडघ्यात जातो. दहा मिनिटं काही कळत नाही, तासाभरानं कळतं. डोळाच काटकोनात वळवला असला की रिकीब पायासमोर आपोआप उभी राहते, पीळच नाही. तुमचं "वीस मिनिटांनी बाहेरच्या अंगानं" हे वाचून मला पहिलं तेच आठवलं.

तळ रुंद असला की वजन चवड्याच्या एकाच रेषेवर येत नाही, तळव्याला मुंग्या कमी येतात. अॅल्युमिनियमची हलकी असते पण पाय सुटला की हेलकावत बसते, लोखंडी जड असल्यानं पायाखाली परत येते, त्यामुळे हलकी म्हणजे चांगली असं काही नाही.

माप मात्र बघा. बुटाचा तळवा सगळ्यात रुंद जिथं, तिथं मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. बूट साडेनऊ सेंटिमीटर रुंद असेल तर रिकीब बारा, म्हणजे बाजारातली पावणेपाच इंची. घट्ट असली तर पडताना पाय अडकतो आणि घोडं फरफटत नेतं, फार मोठी असली तर अख्खा पाऊलच आत घुसतो, तेही तेवढंच वाईट. घालता काय पायात?

माहुलीचा_हौशी

पायात स्पोर्ट्स शूज. 🙈

टेबललँडवाले दादा, लटकवल्या. एकाच भोकाला बकल लावून डावी साडेतीन सेंटिमीटर लांब. मी टेप तीनदा लावली, मग पोराला लावायला सांगितली. म्हणजे दोन वर्षं मी तिरका बसत होतो आणि मित्र म्हणायचा तुझी घोडीच डावीकडं ओढते. बिचारी.

रिकीब मोजली तर अकरा, शूज साडेदहा. हे वाचून जरा घामच फुटला.

ताई, जिन्यावर दुखत नाही, सूजही नाही.

टेबललँडवाला

आरं बाबा, स्पोर्ट्स शूज घालून घट्ट रिकीब?? ते आधी बंद. इंचभर टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट पायजे, टाच असली की पाय आरपार जात नाय. गुडघा दुखून माणूस मरत नाय, फरफटून मरतो.

आता वाद्यांची डावी-उजवी अदलाबदल करा, नि दर महिन्या-दोन महिन्याला करत ऱ्हावा, म्हंजी दोन्ही सारख्या ताणत्यात. लांबी कशी धरायची, तर बोटांची टोकं खोगिरात वादी अडकते त्या कडीला लावायची, दुसऱ्या हातानं रिकीब काखेकडं ओढायची, तळ काखेत टेकला की जवळपास बरोबर. मग वर बसून पाय मोकळं सोडायचं, तळ घोट्याच्या हाडापाशी यायला पायजे. हा अंदाज हाय, घोडी रुंद असली की एक भोक हिकडं-तिकडं करावं लागतंय.

मिरजकर_७२

साडेतीन सेंटिमीटर ताणलेली वादी अदलाबदलीनं नाही वाचणार हो दादा, आता उजवी ताणून तिच्याएवढी व्हायला दोन वर्षं जातील. कानपूरच्या खोगिरांना जीआय टॅग आहे ते ठीक, पण जुनं कातडं ते जुनं. शिवण उसवायला आली असेल तर नवीन जोडीच घ्या, आत नायलॉनची पट्टी घातलेली, ती फार ताणत नाही. रिकिबी नंतर.

टेबललँडवाला

हां, हे बरोबर. मी आमच्या हिशोबानं बोललो, आम्ही चालवतोच.

कृष्णाकाठ_सांगली

धागा चांगला चाललाय, एकच भर. एका बाजूला लोखंडाऐवजी रबर असलेल्या रिकिबी मिळतात, पाय ओढला गेला की रबर निघून येतं. घेतल्या तर रबर बाहेरच्या बाजूला येईल अशाच लावायच्या, घोड्याकडं नाही. आमच्या इथं एकानं दोन्ही उलट्या लावल्या होत्या आणि वर सगळ्यांना सुरक्षिततेवर भाषण देत होता. वजनदार माणसानं मात्र त्यावर पाय देऊन चढू नये, वाकतात. काका, ८४ म्हणजे कट्टाच बरा.

माहुलीचा_हौशी

तीन आठवड्यांनी लिहितोय. नवीन वाद्या घातल्या, साधा टाचेचा बूट घेतला, रिकिबी मित्राच्या जुन्या पावणेपाच इंची लावल्यात सध्या. पायरीचा व्यायाम चालू आहे, दोन दिवस बुडाला. काल सव्वा तास बसलो. घोटा अजिबात नाही. गुडघा तासानंतर थोडा चमकला, पूर्वीच्या पावपट म्हणा. मिरजकरांचा पीळ तो हाच असणार, म्हणून डोळा वळवलेल्या, रुंद तळाच्या, लोखंडी मागवल्यात, साडेचार हजार, बिजागरीच्या नादाला लागलो नाही. आल्या की लिहितो.

उजव्या नवीन वादीला एक जास्तीचं भोक पाडायचं होतं म्हणून मोचीकडं घेऊन गेलो. त्यानं उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, साहेब, पोट सुटलं म्हणून भोक वाढवताय का कमी झालं म्हणून?