गेममधलं पात्र खेळणाऱ्याच्या जिवाला लागावं म्हणून काय करतात? गेम, टूल, अनुभव, सगळं सुचवा

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं नेरूळ-सीवूड्सचे, नोकऱ्या सांभाळून एक छोटा गेम बनवतोय. गोष्ट थोडक्यात अशी: दिवाळे कोळीवाड्यातली दहा वर्षांची पारू आणि पंखाला मार लागून थव्यामागे राहिलेला एक कोवळा फ्लेमिंगो. अजून गुलाबी झालेला नाही, राखाडीच आहे, म्हणून पारू त्याला चिखल्या म्हणते. तिवरांतून, ओहोटीच्या चिखलातून त्याला खाडीपल्याडच्या थव्यापर्यंत न्यायचं. सोबत पारूची आजी आणि तिची होडी. साधारण दोन तासांचा खेळ.

चित्रं सुरेख झाली आहेत, पाणी तर फारच. पण सोसायटीतल्या मुलांना आणि ऑफिसातल्या काहींना खेळायला दिला तर सगळे "भारी आहे" म्हणतात आणि फोन परत देतात. सुरुवातीला चार मिनिटांचा सीन आहे, चिखल्याची आई तारेत अडकून मरते. तो बहुतेक जण स्किप करतात. पुढे एका ठिकाणी चिखल्या हरवतो. तिथे खेळणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा अशी आमची फार इच्छा. शेजारच्या मुलाने विचारलं, "पक्षी गेला, आता मी जोरात पळू शकतो ना?"

तेव्हापासून हाच प्रश्न डोक्यात आहे. असे कोणते गेम आहेत ज्यांतल्या पात्रावर तुमचा खरंच जीव जडला, आणि तो नेमका कशामुळे जडला? संवाद मराठीतच ठेवायचे आहेत, त्यासाठी टूल कोणतं वापरावं? आणि तो सुरुवातीचा सीन ठेवावा की कमी करावा?

गावदेवी_मैदान

वाचतोय. गेमची कल्पना फार आवडली. खेळायचेच असतील तर स्टारड्यू व्हॅली (२०१६) घ्या, फोनवरही मिळतो. गावातल्या प्रत्येकाचा दिवस ठरलेला असतो, कोण कधी कुठे असेल, कोणाला काय भेट आवडते. हळूहळू आपल्याला गाव पाठ होतं. आपल्याकडचा बघायचा तर पुण्यात बनलेला राजी (२०२०), धाकट्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची गोष्ट आहे.

तिवरांची_सावली

सीन पूर्ण काढा असं माझं स्पष्ट मत आहे. जे पिल्लू मी अजून पाहिलेलंही नाही, त्याच्या आईसाठी मी का रडू? आधी त्याच्यासोबत माझं काहीतरी घडू दे. दुःख दाखवलं की माया आपोआप येईल, या समजुतीवर कित्येक गेम बेतलेले असतात आणि तिथेच ते कोरडे राहतात.

आयको (२००१) नावाचा प्लेस्टेशन २ वरचा गेम आहे. कन्सोल नसेल तर यूट्यूबवर कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलेला शांतपणे बघा. शिंगं असलेला मुलगा आणि कैदेतली मुलगी, दोघांनी एका प्रचंड गढीतून बाहेर पडायचं. ती काय बोलते ते त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. पण आर-१ बटण दाबून धरलं की तो तिचा हात धरतो, आणि सोडलं की हात सुटतो. बस्स. तासन् तास तुमचं बोट त्या बटणावर असतं. तिला लांब सोडून गेलात तर सावल्या येऊन तिला ओढून नेतात. गेम सेव्ह करायचा तर दोघांनी दगडी बाकावर शेजारी बसायचं, एकट्याला ते करता येत नाही. तिचा भूतकाळ फारसा सांगितलेलाच नाही, तरी शेवटाकडे हात सुटतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. कारण तो हात आपण धरलेला असतो.

त्याच लोकांचा शॅडो ऑफ द कोलोसस (२००५) घ्या. त्यात घोडा आहे. तो गाडीसारखा वळत नाही, जरा उशिरा ऐकतो, आणि अरुंद वाटेवर लगाम सैल सोडला तर वाट स्वतः काढतो. काही जणांना याचा राग येतो. मला मात्र त्यामुळेच तो जिवंत वाटला. जो प्रत्येक बटणाला लगेच हुकूम मानतो तो सोबती नसतो, ते हत्यार असतं.

म्हणून माझा प्रश्न: तुमच्या चिखल्याला स्वतःला काय हवंय? थव्याकडे जायचंय, ते लेखकाने ठरवलं. पण आत्ता, या मिनिटाला त्याला काय हवंय? थंडी सरताना किंवा उन्हाळ्यात सीवूड्सच्या मागच्या तळ्यावर सकाळी जाऊन नुसतं उभं राहा. फ्लेमिंगो खाताना मान पूर्ण खाली घालून चोच उलटी करतो आणि गाळातून खाणं गाळून घेतो. मध्येच एका जागी पाय थापत गोल फिरतो, म्हणजे चिखल ढवळला जातो. हे गेममध्ये आणा. मऊ चिखल दिसला की चिखल्या थांबणारच, पाय थापणारच, पारूने कितीही हाका मारल्या तरी. खेळणारा आधी वैतागेल. मग एकदा त्या पाय थापण्यातून चिखलात बुडालेली काहीतरी कामाची वस्तू वर येऊ दे. पुढच्या वेळी तो थांबला की खेळणारा आपणहून थांबेल.

आणि घाबरला की मान ताठ करू दे. खेळणाऱ्याला धोका दिसायच्या आधी. काहीही सांगू नका, चौकट आणून सूचना देऊ नका. दोन-तीनदा तसं झालं की लोक चिखल्याच्या मानेकडे बघत चालायला लागतील.

सेक्टर_सतरा

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. पक्ष्याला मर्जी असू दे, पण त्याचा त्रास होऊ देऊ नका. कोणाला तरी सोबत घेऊन पोहोचवायच्या मिशन लोकांना इतक्या का नकोशा वाटतात? सोबतचं पात्र आपल्या चालण्यापेक्षा जलद आणि पळण्यापेक्षा हळू चालतं, दारात अडकतं, गोळीसमोर जाऊन उभं राहतं आणि मेलं की आपण पुन्हा पहिल्यापासून. त्या शेजारच्या मुलाला पळायचं होतं, याचा अर्थ चिखल्यामुळे त्याचा वेग अडत होता. त्याचं म्हणणं ऐका.

बायोशॉक इन्फिनिट (२०१३) मधली एलिझाबेथ बघा. लढाईत शत्रू तिला मारतच नाहीत, तिला सांभाळायचं ओझं आपल्यावर नाही. उलट गोळ्या संपत आल्या की ती हाक मारून आपल्याकडे फेकते. एरवी इकडेतिकडे बघत फिरते, वस्तू निरखते, कधी नाणं सापडलं तर आणून देते. तिच्यामुळे खेळ सोपा होतो, म्हणून ती बाजूला नसते तेव्हा जाणवतं.

चिखल्या मागे राहिला तर कॅमेऱ्याबाहेर गेल्यावर त्याला गुपचूप जवळ आणा. पारू पळाली तर तोही फडफडत पळू दे. आणि कुठल्याही खड्ड्यात पडून तो मरता कामा नये. हरवण्याचा प्रसंग एकदाच, तुम्ही ठरवलेल्या जागी.

अवंती_कोपरी

मी मानसशास्त्र शिकवते, गेम फार खेळत नाही, पण हा विषय माझ्या आवडीचा आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटी फिल्म लोकांना दाखवली होती. पडद्यावर दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट, एवढंच. पाहणाऱ्यांनी मात्र सांगितलं की मोठा त्रिकोण दादागिरी करतोय, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला वाचवतोय. चेहरा नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. कोण कोणाच्या मागे गेलं, कोण अडखळलं, कोण वळून परत आलं, यावरून माणसं मन ओळखतात. त्यामुळे चित्रांवर आणखी मेहनत घेण्यापेक्षा चिखल्या *कधी* वळून बघतो यावर घ्या, असं मला वाटतं.

गावदेवी_मैदान

यावरून पॅक-मॅन आठवला. १९८० चा गेम, चार भुतं, रंग सोडला तर दिसायला सारखीच. पण लाल थेट पाठलाग करतं, गुलाबी आपण जाणार त्या वाटेवर पुढे जाऊन गाठतं, आणि नारिंगी लांबून येतं पण जवळ आलं की पळ काढतं. खेळता खेळता आपण नारिंगीला भित्रं ठरवून टाकतो.

पोर्टल (२००७) पण घ्या. त्यात एका लेव्हलला एकच खोका शेवटपर्यंत सोबत न्यायचा असतो. चाचणीत लोक तो मागेच विसरून जायचे, म्हणून बनवणाऱ्यांनी त्यावर गुलाबी हृदय काढलं आणि याची काळजी घ्या असं सांगणारे संवाद घातले. खोका काहीच करत नाही, पण त्यावर चढून आपण वर जातो, त्याच्या आडोशाने आपण वाचतो. लेव्हल संपताना तो भट्टीत टाकायला लावतात. माझ्या बहिणीला टाकवेना, ती दुसरा मार्ग शोधत बसली. धातूचा ठोकळा आहे हो!

चेंदणीची

आजीबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. गेममध्ये कोळी आजी आली की ती खाडीचं रक्षण कर, निसर्ग आपली आई आहे, असलं बोलायला लागते. कृपा करून तसं करू नका. आमच्या आजीने आयुष्यात असं वाक्य उच्चारलं नाही. ती बघताक्षणी विचारायची, "जेवलीस का गो?" आणि उत्तर ऐकायच्या आत ताट वाढायची.

तिला पाण्याचं कळायचं. तिथीवरून भरती कधी लागणार ते तोंडी सांगायची. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हेच तुमच्या गेमचं घड्याळ करा. आजी म्हणाली की आता पाणी चढणार, तर ते चढलंच पाहिजे. पहिल्यांदा खेळणारा ऐकणार नाही, गुडघाभर पाण्यात अडकेल. दुसऱ्यांदा तिची हाक आली की तो मुकाट परत फिरेल. विश्वास असा बसतो. तिने आयुष्यभराची कहाणी सांगितली तरी तो बसणार नाही.

तिलाही काहीतरी हवं असू दे. तिला चिमणीएवढंही प्रेम नाही त्या पक्ष्याबद्दल, असं ठेवा. होडीत घाण करतो, जाळ्यात पाय घालतो, निवट्यांची (चिखलातल्या माशांची) पाटी सांडतो. ती रोज कुरकुर करते. मग एका सकाळी पारू होडीत चढते तेव्हा पुढच्या टोकाला एक जुनं गोणपाट चौघडी करून अंथरलेलं असतं. आजी पाठमोरी, वल्ही लावतेय. एक शब्दही नको. चिखल्या जाऊन त्यावर बसतो आणि होडी सुटते. माझ्या मते तिथे खेळणाऱ्याला भरून येईल, आणि त्या आईच्या सीनला लागलेल्या मेहनतीच्या पाव मेहनतीत होईल.

आणि बोली वापरणार असाल तर कोळीवाड्यातल्याच कोणाकडून तरी वाचून घ्या. सिरियलमधली बोली आम्हाला लगेच कळते. दिवाळ्यात म्हातारी माणसं संध्याकाळी जेटीकडे बसलेली असतात, गोड बोललात तर भरभरून सांगतील.

खाडीकाठ

चेंदणीची, गोणपाटाचं वाचून आमच्या चित्रकाराने लगेच स्केच केलंय. अजून काय सांगू! बोलीचं नक्की, दिवाळ्यातल्या एका ताईंशी बोलणं सुरू केलंय, श्रेयनामावलीत त्यांचं नाव आणि योग्य मानधन हे आधीच ठरवलं आहे.

आईचा सीन काढतोय. आता सुरुवात थेट चिखलात: पारूचा पाय रुततो, बाजूला कोणीतरी आधीच रुतलेलं आहे. दोघं एकमेकांच्या आधाराने बाहेर येतात. मान ताठ करणं आणि पाय थापणंही घेतलंय.

टूलचं कोणी सांगेल का? अक्षरं एकेक करून उमटतात तसं हवंय, पण मराठीत फार विचित्र दिसतंय. आधी "क्" येतो, मग त्याचा "क्ष" होतो, वेलांट्या उड्या मारतात.

सेक्टर_सतरा

गेम बनवायला इंजिन कोणतं वापरताय? गोडो असेल तर ४ किंवा पुढची आवृत्तीच वापरा, त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. आधीच्या आवृत्तीत ती सोय नव्हती. अक्षरं उमटवायची ती मजकूर जुळवून झाल्यावर उमटवा, लेबलच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे. तरी दिसायला खटकलं तर सरळ शब्द-शब्द दाखवा. मराठी वाक्य शब्दागणिक आलं तर जास्त बोलल्यासारखं वाटतं, हा माझा अनुभव. संवाद लिहायला इंक नावाचं टूल चांगलं आहे, फुकट आहे, आणि साध्या मजकुरासारखं लिहिता येतं, त्यामुळे तुमच्या ताईंना प्रिंट काढून वाचायलाही देता येईल.

आवाजासाठी अंडरटेल (२०१५) ऐका. माणसाच्या आवाजात कोणी बोलत नाही, पण प्रत्येक पात्राची अक्षरं उमटताना वेगळा टिकटिक आवाज येतो, आणि डोळे मिटूनही कोण बोलतंय ते कळतं. आजीला जाड, आखूड आवाज द्या. चिखल्याला संवाद नको, फक्त एक हाक. तीच हाक खूश असताना, भुकेला असताना, घाबरलेला असताना वेगळ्या लयीत. हरवेल त्या प्रसंगात पडद्यावर बाण दाखवू नका, ती हाक लांबून येऊ द्या.

तिवरांची_सावली

बाण नको याला जोरदार अनुमोदन. एक भर: हाक मारायचं बटण पारूलाही पहिल्यापासून द्या. एरवी त्याचा फारसा उपयोग नसला तरी चालेल, मारली की चिखल्या वळून बघतो, एवढंच. लोक उगाचच दाबत राहतील. तो हरवला की खेळणारा न सांगता तेच बटण दाबेल, आणि पहिल्यांदाच उत्तर येणार नाही.

अवंती_कोपरी

पुढच्या वेळी मुलांना खेळायला द्याल तेव्हा "आवडला का" असं विचारू नका. ओळखीच्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. मागे बसून बघा: चिखल्या थांबला की मूल थांबतं का? त्याच्याशी तोंडाने बोलतं का? हाकेचं बटण कामाशिवाय दाबतं का? आणि खेळून झाल्यावर पहिला प्रश्न कोणाबद्दल विचारतं? हे वहीत टिपून ठेवा. शेजारचा तो मुलगा आधी बोलवा, तो खरं बोलतो.

खाडीकाठ

हाकेचं बटण आज रात्रीच टाकतेय. रविवारी तो मुलगा आणि त्याची धाकटी बहीण दोघांना बसवते, काय झालं ते इथेच लिहीन. ज्यांना अँड्रॉइडवर खेळून बघायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पहिली दोन प्रकरणं पाठवते. चेंदणीची, तुम्हाला न विचारता पाठवतेय, आजीचं बोलणं एकदा वाचाच.