जुनी २३ फुटी शिडाची बोट जळगावात आणली आहे, कमी बजेटमधे आधी काय करावं? सल्ला हवा

तापीकाठचा:
राम राम मंडळी. मी आणि चुलतभावानी मिळून एक जुनी फायबरची शिडाची बोट घेतली, २३ फुटी, आत दोन जण झोपतील एवढी केबिन आणि कील (तळाखालचं पातं) वर उचलता येते अशी. अलिबागकडे बरीच वर्षं नुसती उभी होती. डोलकाठी उतरवून ट्रेलरवर टाकली आणि कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे करत घरी आणली, रुंदी ८ फुटाच्या आत आहे म्हणून रस्त्यात कुणी अडवलं नाही. सध्या शेतात पत्र्याच्या शेडखाली आहे. पुढच्या दिवाळीनंतर मांडव्याहून निघून मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असं किनाऱ्याकिनाऱ्यानी मालवणपर्यंत जायचंय. आऊटबोर्ड इंजिन चालू आहे, ते सोडून बजेट अडीच लाख.
अवस्था अशी: डोलकाठीच्या बुडाशी डेक पायाखाली दबतो, डोलकाठी ताणून धरणाऱ्या वायरींच्या टोकाशी तांबूस डाग आहेत, तळातले दोन व्हॉल्व्ह जाम, लाईटचं वायरिंग हिरवं पडलंय, शिडं दोन आहेत पण शिलाई ठिकठिकाणी सुटली. भाऊ म्हणतो आधी गाद्या, शेगडी, सोलर करू म्हणजे राहता येईल. मला ते पटत नाहीये. आधी कशाला हात लावू?

अमळनेरकर_रत्नागिरी:
भाऊ तुमचं बरोबर आहे, गाद्या शेवटी. पहिला पैसा पाण्याखालच्या भोकांवर, दुसरा डोलकाठी उभी धरणाऱ्या वायरींवर, तिसरा नांगरावर. ह्या तिघांतलं एक जरी गेलं तर बोट जाते. बाकी सगळं नसलं तरी प्रवास होतो, सतरंजीवर झोपून आणि घरचा डबा खाऊन.
व्हॉल्व्ह आधी बघा. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी गेट व्हॉल्व्ह कुणी बसवला असेल तर काढून टाका. पितळेत जस्त असतं, खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी ठिसूळ तांबं उरतं, बाहेरून धड दिसतं पण हातानी मोडतं. गनमेटल किंवा ब्रॉंझचेच घ्या. दोन भोकांतलं एक लागतच नसेल तर ते फायबरनी कायमचं बुजवा, तेवढी काळजी कमी. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी लाकडाची निमुळती खुंटी दोरीनी बांधून ठेवा, पाईप निसटला तर तीच ठोकायची.
वायरी सगळ्या बदला. ३१६ स्टेनलेस, १ बाय १९ ची (१९ जाड तारांचा एकच पीळ), जुनीची जाडी व्हर्निअरनी मोजून तेवढीच. क्रेनवाल्यांकडे मिळते ती ७ बाय १९ ची मऊ वायर घेऊ नका, ती ताणते आणि डोलकाठी डुलत राहते. टोकांना हातानी बसणारे स्वेजलेस टर्मिनल मिळतात, महाग आहेत पण प्रेस मशीन लागत नाही आणि पुढच्या वेळी फक्त आतला कोन बदलायचा. वायर ज्या पट्ट्यांना अडकते त्या चेनप्लेट पूर्ण बाहेर काढून बघा, डेकमधून जातात तिथे हवा लागत नाही आणि स्टेनलेस नेमकं तिथेच आतून खातं. जळगावच्या एमआयडीसीत कुठलाही चांगला फॅब्रिकेटर डीपी टेस्ट करून देईल, लाल स्प्रे मारून पुसायचा, मग पांढरा मारायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. हे काम तुमच्या गावात जितकं सोपं होईल तितकं आमच्या किनाऱ्यावर होत नाही.

रेझिनवाला_एमआयडीसी:
मी फायबरच्या टाक्या करतो, बोट कधी केली नाही पण मटेरियल तेच. डेकबद्दल सांगतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनी सगळा डेक ठोकत जा, चांगल्या जागी टक टक येतं आणि सडक्या जागी भद्द येतं, तिथे खडूनी रेघ मारा. रेघ तुम्हाला वाटतंय त्याच्या दुप्पट जागेवर जाईल, घाबरू नका. वरची कातडी ग्राइंडरनी कापून उचला, आतला बाल्सा (दोन कातड्यांमधलं हलकं लाकूड) ओला काळा निघेल तो सगळा खरवडा आणि मग खानदेशच्या उन्हाला काम करू द्या. मुंबईला हेच वाळायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, इथे मार्चच्या कोरड्या हवेत शेडचा पत्रा बाजूला केला की लाकूड खडखडीत होतं. बोट इथे आणली हे लई भारी केलं भो.
डोलकाठीच्या बुडाखाली मऊ फोम भरू नका, तिथे मरीन प्लाय नाहीतर सरळ थरावर थर फायबरची काच द्या कारण सगळा दाब तिथे येतो. कडा एकदम उभ्या ठेवायच्या नाहीत, जाडीच्या बारा पट उतार द्या. आणि इपॉक्सी रेझिनच वापरा, बोटीच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनला इपॉक्सी घट्ट धरते, उलटं केलं तर म्हणजे इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. जिथे इपॉक्सी लावली नाही अशा बाहेरच्या वरवरच्या भागाला पॉलिस्टर स्वस्त पडेल.
आता उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं, तेव्हा कपात कालवलेली इपॉक्सी हातातच धुरायला लागते. हार्डनर कमी करून चालत नाही, इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं, स्लो हार्डनर मागा. कालवलं की लगेच पसरट ट्रेमधे ओता, कपात ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेनी तापतं. पहाटे चारला सुरू करून सूर्य वर यायच्या आत थांबा. पॉलिस्टरला कॅटॅलिस्ट (घट्ट करणारं रसायन) १ ते २ टक्के, उन्हात १, त्याच्या खाली नाही. आणि कोबाल्ट (कॅटॅलिस्टचं काम लवकर करवणारं द्रव) आणि कॅटॅलिस्ट हे दोघं कधीच एकमेकात थेट टाकायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट. पोराबाळांना ह्या डब्यांपासून लांब ठेवा, मास्क आणि चष्मा घालूनच ग्राइंडर धरा, काचेची धूळ वाईट.

तापीकाठचा:
खूप आभार दोघांचे. खडूची रेघ आजच मारली, जवळजवळ केबिनच्या खिडकीपर्यंत गेली. बॅटरीचं काय करू, घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर पडून आहे ती चालेल का?

धुळ्याचा_वायरमन:
ट्युब्युलर नको. उंच असते, बोट कलली की ॲसिड सांडेल आणि वजनही फार, वर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची नाहीतर लवकर मरते. १२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम फॉस्फेट घ्या, त्यात साधारण १२८० वॉट-तास मावतात. तुमचा खर्च काढू: नांगराचा एलईडी दिवा रात्रभर, व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) ऐकायला चालू, फोन आणि नकाशा, केबिनचे दोन दिवे, सगळं मिळून दिवसाला ३०० च्या आतबाहेर. १०० वॉटचं एक पॅनल चांगल्या उन्हात तेवढं भरून काढतं. म्हणजे सोलर लागेलच पण एकच पॅनल, भावाला सांगा चार नकोत.
वायर कथील चढवलेली तांब्याची मल्टिस्ट्रँड घ्या, साधी घरगुती तांब्याची खाऱ्या हवेत आतून हिरवी होते, तेच तुमच्या बोटीत झालंय. मेन फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. डोलकाठीच्या टोकावर लाल हिरवा पांढरा एकत्र असा तिरंगी दिवा २० मीटरच्या आतल्या शिडाच्या बोटीला चालतो, एका बल्बमधे काम होतं, पण इंजिन चालू असताना तो लावायचा नाही, तेव्हा खालचे बाजूचे दिवे, मागचा दिवा आणि डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा लागतो. दोन्हीची वायर आत्ताच डोलकाठीतून ओढून घ्या, ती आडवी आहे तोवर.

अमळनेरकर_रत्नागिरी:
नांगराचा हिशोब सांगायचा राहिला. मांडव्याकडे उधाणाला भरती ओहोटीचा फरक ४ मीटरच्या वर जातो. ओहोटीला ३ मीटर पाणी बघून नांगर टाकलात तर भरतीला ७ होतील, त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची १ धरा, झाले ८, त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी-दोर मिळून सोडायचं, वारा वाढला तर सातपट. १० मीटर ८ मिमी साखळी आणि पुढे जाड नायलॉन दोर एवढं घ्याच. तळ बहुतेक चिखलाचा आहे म्हणून काटेरी नांगराऐवजी रुंद पात्याचा घ्या, ८ ते १० किलोचा.
दिवाळीनंतर सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो आणि दुपारी वायव्येकडून खारा. दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी मिळेल, परत येताना मात्र सकाळी लवकर उठून मतलईवरच जमेल तेवढं अंतर काढायचं. मे संपायच्या आत बोट जमिनीवर पाहिजे. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणीची चौकशी आत्ताच सुरू करा, व्हीएचएफला लायसन्स लागतं. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर केबिनच्या दारावर रंगानी लिहा.

नवापूरचा:
समुद्राआधी एकदा गोड्या पाण्यात टाकून बघा. हतनूरला गाळ फार आणि हिवाळ्यात पक्षी असतात, तिथे नको. गिरणा धरण बरं पडेल, पण जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घेऊनच. रात्रभर पाण्यात ठेवा आणि पहाटे फळ्या उचलून टॉर्चनी तळ बघा.

तापीकाठचा:
हे एकदम पटलं, परवानगीचा अर्ज करतो. शेवटचं विचारतो, शिडं गावातल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतली तर चालतील?

अमळनेरकर_रत्नागिरी:
आधी कापड तपासा. शिलाईच्या दोऱ्यावर नख घासा, तुटला तर फक्त दोरा गेलाय. कापड दोन हातांनी ओढा, फाटलं तर शिवून उपयोग नाही. कापड धड असेल तर ताडपत्रीवाल्याकडे झिगझॅग मशीन आहे का विचारा, सरळ टाका वाऱ्यात ताणला की तुटतो. दोरा तुम्हीच न्या, उन्हाला टिकणारा जाड पॉलिस्टर, कापसाचा नाही. जुन्या भोकांवरून न जाता शेजारून नवीन ओळ मारायला सांगा. तीन कोपऱ्यांना जिथे बरेच थर आहेत तिथे मशीनची सुई मोडेल, ते मोचीकडून आरीनी हातानी शिवून घ्या आणि स्वतः शेजारी बसा.